हाऊट बेची शेवंड: चोरी सिद्ध झाली, पण माल कुणाचा होता?

मे २००१ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या मत्स्यव्यवसाय अधिकाऱ्यांनी निर्यातीला निघालेला एक कंटेनर जप्त करून उघडला. आत शेवंड होती आणि ती बेकायदा पकडलेली होती. कंटेनर हाऊट बे फिशिंग इंडस्ट्रीज या कंपनीचा. केप टाऊनजवळच्या हाऊट बे बंदरातली ही नावाजलेली कंपनी. तिच्याकडे मासेमारीचे परवाने होते, सरकारने दिलेला कोटा होता, निर्यातीची परवानगी होती आणि अमेरिकेत ठरलेलं गिऱ्हाईक होतं. याच कंपनीचा आणखी माल अमेरिकेच्या वाटेवर आहे हे कळल्यावर आफ्रिकन अधिकाऱ्यांनी अमेरिकी यंत्रणेला सावध केलं. तिथून जे प्रकरण सुरू झालं ते सोळा वर्षं चाललं. बेकायदा मासळीच्या व्यापाराबद्दल मी जेवढं वाचलं आहे, त्यात इतकं शिकवणारं दुसरं प्रकरण मला दिसलेलं नाही.

बेकायदा मासेमारी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे रात्रीच्या अंधारात दिवे मालवून हद्दीत घुसणारी बोट येते. तशा बोटी असतातच. पण २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासाने बेकायदा आणि नोंद न होणारी मासेमारी वर्षाला १ कोटी १० लाख ते २ कोटी ६० लाख टन असल्याचा अंदाज दिला होता. एवढा माल लपूनछपून विकता येत नाही. तो शीतगृहात जातो, खोक्यांत भरला जातो, त्याला बीजक लागतं, विमा लागतो, बंदरावरचा शिक्का लागतो. म्हणजेच तो कुठेतरी कायदेशीर मालात मिसळावा लागतो. हाऊट बे प्रकरणात ही मिसळण्याची जागा कोर्टाच्या कागदांत स्पष्ट दिसते, म्हणून ते मुळापासून पाहायला हवं.

शेवंड आणि तिचा कोटा

कोकणात जिला आपण शेवंड म्हणतो, तिचीच ही थंड पाण्यातली नातलग. नांग्या नाहीत, लांब काटेरी मिशा, पाठीवर टणक कवच आणि खाण्याजोगं बहुतेक मांस शेपटीत. नामिबियापासून खाली दक्षिण आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत बेंग्वेला प्रवाहाच्या गार पाण्यात, खडकांच्या कपारीत आणि केल्प नावाच्या उंच समुद्री शेवाळाच्या रानात ती राहते. वाढ अतिशय मंद, वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर. पकडण्याच्या आकाराला यायलाच तिला सात ते दहा वर्षं लागतात. शिवाय दक्षिण किनाऱ्यावर खोल पाण्यात मिळणारी दुसरी एक जात आहे. या खटल्यात दोन्ही होत्या. पॅटागोनियन टूथफिश हा दक्षिण महासागरातला महागडा मासाही आरोपांत होता, पण खटल्याचा कणा शेवंडच.

इतक्या हळू वाढणाऱ्या प्राण्यासाठी दक्षिण आफ्रिकेने कोट्याची पद्धत ठेवली आहे. दरवर्षी शास्त्रज्ञांचा सल्ला घेऊन सरकार एकूण किती टन शेवंड पकडायची ते ठरवतं आणि हा आकडा परवानाधारकांमध्ये वाटला जातो. बोट धक्क्याला लागली की माल निरीक्षकासमोर वजन करायचा, वजन नोंदवायचं आणि ते कोट्यातून वजा करायचं. कोटा संपला की पिंजरे वर. लहान आकाराची शेवंड पाण्यात परत सोडायची. हा आकार मोजतात तो पाठीच्या कवचावर.

इथे दोन ठिकाणी सगळं ढिलं पडतं. पहिलं, वजनकाट्याशी उभा असलेला माणूस. कोट्याची सगळी इमारत त्याच्या एका नोंदीवर उभी असते. त्याने दहा टनांचे पाच लिहिले की उरलेले पाच टन पकडलेच गेले नाहीत असं होतं. दुसरं, कारखान्यातली सुरी. शेवंडीचं डोकं आणि कवच काढून फक्त शेपटी गोठवली की आकार मोजायचं माप हातातून गेलं. मग परदेशात खोकं उघडणाऱ्याला शेपटी दिसते, वजन दिसतं, कंपनीचं नाव दिसतं. ती कोणत्या दिवशी, कोणत्या बोटीने, कोट्याच्या आत की बाहेर पकडली, हे त्या शेपटीकडे पाहून जगातला कुठलाही तज्ज्ञ सांगू शकत नाही.

महाराष्ट्रात वाळूचा धंदा जवळून पाहिलेल्याला हे समजवावं लागणार नाही. एका रॉयल्टीच्या पावतीवर चार ट्रक वाळू कशी जाते हे नदीकाठच्या गावांना ठाऊक असतं. पावती खरी असते, म्हणूनच ती उपयोगाची असते.

चौदा वर्षं

कंपनीचे प्रमुख आर्नोल्ड बेंगिस. त्यांचा मुलगा डेव्हिड बेंगिस आणि भागीदार जेफ्री नोल हे अमेरिकेची बाजू सांभाळत. तिथे त्यांच्या दोन कंपन्या होत्या: आइसब्रँड सीफूड्स आणि असोसिएटेड सी फिशरीज. १९८७ ते २००१ या काळात हाऊट बे फिशिंगने कोट्यापेक्षा कितीतरी जास्त शेवंड पकडली. सरकारला कमी आकडे कळवले, त्यासाठी निरीक्षकांना लाच दिली, निर्यातीची खोटी कागदपत्रं दिली आणि माल अमेरिकेत पाठवला.

या तारखांकडे थोडं थांबून पाहा. १९८७ मध्ये तिथे वर्णभेदी राजवट होती. १९९४ मध्ये लोकशाही आली. १९९८ मध्ये सागरी सजीव संपत्तीचा नवा कायदा झाला आणि त्यात समुद्रातल्या संपत्तीचं वाटप न्याय्य करण्याचं उद्दिष्ट लिहिलं गेलं. राजवट बदलली, कायदा बदलला, खात्याचं नाव बदललं. धक्क्यावरचा व्यवहार मात्र तसाच चालू राहिला, कारण त्यात गुंतलेली माणसं तीच राहिली. या प्रकरणात लाच घेतल्याबद्दल चौदा मत्स्य निरीक्षकांवर खटले भरले गेले. चौदा म्हणजे एखाद्या बंदराच्या देखरेखीची जवळजवळ सगळी फळीच झाली. एखादा निरीक्षक फुटणं समजू शकतं. चौदा फुटतात तेव्हा वरच्यांनी आकडे कधी पडताळून पाहिलेच नव्हते असं मला वाटतं. कंपनीने किती शेवंड निर्यात केली आणि धक्क्यावर किती नोंदवली, हे दोन रकाने शेजारी ठेवले असते तर तफावत दिसली असती. ते दोन रकाने वेगवेगळ्या खात्यांत राहतात. आपल्याकडेही राहतात.

आणखी एक गोष्ट या कागदांत येते आणि ती वाचताना मन अस्वस्थ होतं. अमेरिकेत मेन राज्यातल्या पोर्टलंडमध्ये या मंडळींचा मासळी प्रक्रियेचा कारखाना होता. तिथे कमी मजुरीवर राबायला दक्षिण आफ्रिकेतून माणसं आणली गेली. वर्णभेदाच्या काळात ज्यांना सगळं नाकारलं गेलं होतं त्या समाजातली ही माणसं. त्यांच्याकडे अमेरिकेत काम करण्याची परवानगी नव्हती. चोरलेली शेवंड आणि कागद नसलेला मजूर एकाच साखळीत भेटावेत हा योगायोग मानायला मी तयार नाही. मालाचा हिशेब लपवायचा असेल तर तो माल हाताळणारा माणूसही तक्रार करू न शकणारा लागतो.

केप टाऊनमधला निकाल

दक्षिण आफ्रिकेत २००२ मध्ये कंपनीने गुन्हा कबूल केला. १ कोटी २० लाख रँड दंड झाला, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे १२ लाख डॉलर. दोन बोटी आणि जप्त कंटेनरमधला माल सरकारजमा झाला. कंपनीचा व्यवस्थापक आणि कंपनीसाठी करारावर मासेमारी करणारे काही मच्छीमार यांच्यावरही कारवाई झाली. बेंगिस पितापुत्र आणि नोल यांच्यावर मात्र तिथे व्यक्ती म्हणून खटला चालला नाही.

अमेरिकेत काय झालं

अमेरिकेत १९०० सालचा लेसी कायदा आहे. जॉन लेसी या आयोवाच्या खासदाराच्या नावाने ओळखला जाणारा हा कायदा मुळात वन्य पक्षी आणि प्राण्यांची चोरटी विक्री रोखायला आला. पुढे त्याचा विस्तार होत गेला आणि १९८१ नंतर मासळीही पूर्णपणे त्याच्या कक्षेत आली. त्यातली एक तरतूद जगभरच्या समुद्रांसाठी मोलाची आहे: दुसऱ्या देशाचा कायदा मोडून पकडलेला मासा अमेरिकेत आणणं, विकणं, विकत घेणं हा अमेरिकेतलाच गुन्हा ठरतो. त्यामुळे केप टाऊनच्या कोट्याचा भंग न्यूयॉर्कमध्ये चालवता आला.

२००३ मध्ये मॅनहॅटनच्या संघराज्य न्यायालयात आरोप ठेवले गेले आणि २००४ मध्ये तिघांनी गुन्हा कबूल केला. आर्नोल्ड बेंगिस यांना ४६ महिने, नोल यांना ३० महिने आणि डेव्हिड बेंगिस यांना १२ महिन्यांची कैद झाली. तिघांकडून मिळून १ कोटी ३३ लाख डॉलर जप्त करायचं ठरलं.

मासळीच्या गुन्ह्यात मालकाला तुरुंग, तोही इतक्या महिन्यांचा, हे तेव्हा फारसं घडत नसे. एरवी सापडते ती बोट आणि अडकतात ते खलाशी. इथे सगळ्यात वरच्या माणसापर्यंत हात पोचला, याचं श्रेय माल जिथे विकला गेला त्या देशाच्या कायद्याला द्यायला हवं. पण जप्तीचा पैसा अमेरिकी सरकारच्या तिजोरीत जातो. ज्या देशाच्या समुद्रातून शेवंड गेली, त्याला काय मिळणार?

समुद्रातली शेवंड कुणाची?

अमेरिकी सरकारने न्यायालयाकडे मागणी केली की गुन्ह्याला बळी पडलेल्याला सक्तीने भरपाई देण्याचा जो कायदा आहे, त्याखाली दक्षिण आफ्रिकेला भरपाई द्यावी. बचाव पक्षाचं उत्तर वरवर अगदी बिनतोड होतं. समुद्रात फिरणाऱ्या शेवंडीचा कुणी मालक नसतो, ती पकडणाऱ्याची होते. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने ती कधी विकत घेतली नव्हती, पाळली नव्हती, तिच्यावर त्याची मालकीही नव्हती. सरकारला फक्त मासेमारीचे नियम करायचा अधिकार होता. नियम मोडला म्हणजे सरकारची मालमत्ता चोरली असं होत नाही. मालमत्ता गेली नाही तर बळी कोण आणि भरपाई कशाची?

२००७ मध्ये न्यायाधीश लुईस कॅप्लन यांनी हेच मान्य केलं आणि मागणी फेटाळली.

मला या युक्तिवादाची भीती वाटते, कारण तो जगातल्या जवळजवळ प्रत्येक समुद्राला लागू पडतो. समुद्रातली मासळी कुणाचीच नाही असं एकदा धरलं की ती चोरणाऱ्याने कुणाचंच काही घेतलेलं नसतं. मग गुन्हा उरतो तो फक्त कागद न भरल्याचा. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये कमलनाथ प्रकरणात सार्वजनिक विश्वस्ततेचं तत्त्व सांगितलं. नद्या, समुद्र, किनारे यांसारख्या संपत्तीचं सरकार विश्वस्त आहे आणि ती सगळ्यांसाठी सांभाळणं त्याचं कर्तव्य आहे, असा त्याचा गाभा. हा विचार आपल्याला सहज पटतो. पण फौजदारी खटल्यात भरपाईचा आकडा काढायला बसलं की विश्वस्त पुरेसा पडत नाही, तिथे 'तुझी वस्तू कोणती गेली' असंच विचारतात.

४ जानेवारी २०११ रोजी अपील न्यायालयाने कॅप्लन यांचा निर्णय फिरवला. त्यांचं उत्तर मला कायद्याच्या कारागिरीचा उत्तम नमुना वाटतं. पाण्यातल्या जिवंत शेवंडीची मालकी सरकारची आहे की नाही, या वादात ते शिरलेच नाहीत. दक्षिण आफ्रिकेच्या कायद्यानुसार बेकायदा पकडलेली शेवंड सरकार जप्त करू शकतं, विकू शकतं आणि ते पैसे स्वतःकडे ठेवू शकतं. म्हणजे कोट्याबाहेरची शेवंड पिंजऱ्यातून बोटीत आली त्या क्षणी ती ताब्यात घेऊन विकण्याचा सरकारचा हक्क जन्माला आला, आणि हा हक्क ही मालमत्ताच आहे. आरोपींनी वजन लपवलं, निरीक्षकांना फोडलं, खोटे कागद केले आणि माल देशाबाहेर काढला. त्यांनी लपवाछपवी केल्यामुळे सरकारला तो हक्क बजावताच आला नाही. तेव्हा सरकार बळी आहे आणि भरपाई द्यावीच लागेल.

या तर्कातली खुबी अशी की लपवणं हेच नुकसानीचं कारण ठरलं. ज्या खोट्या नोंदीला बचाव पक्ष नियमभंग म्हणत होता, तीच सरकारच्या खिशातून पैसे काढणारी कृती ठरली. दुसऱ्या देशाच्या समुद्रातल्या चोरीसाठी त्या देशाला भरपाई मिळवून देणारा हा निर्णय पुढच्या खटल्यांसाठी दाखला झाला.

किंमत कशी लावायची

आता आकडा. केप टाऊनच्या ओलरॅक या सल्लागार संस्थेने दोन पद्धतींनी हिशेब मांडला होता. पहिली पद्धत: शेवंडीचा साठा पूर्वीइतका करायला काय खर्च येईल? उत्तर आलं ४ कोटी ६८ लाख डॉलर. दुसरी पद्धत: जास्तीच्या पकडीची बाजारातली किंमत किती? ६ कोटी १९ लाख डॉलर. अपील न्यायालयाला दुसरी पद्धत योग्य वाटली, आणि त्यांच्या तर्काशी ते सुसंगतच होतं. हक्क जप्त करून विकण्याचा होता, तर नुकसान विक्रीच्या किमतीइतकं.

पण मग प्रश्न आला की यातली कोणती शेवंड अमेरिकेतल्या गुन्ह्याशी जोडायची. २०१३ मध्ये कॅप्लन यांनी भरपाई पश्चिम किनाऱ्याच्या शेवंडीपुरती मर्यादित केली: सुमारे २ कोटी ९५ लाख डॉलर. दक्षिण आफ्रिकेला आधीच मिळालेले ७० लाख ४९ हजार डॉलर त्यातून वजा झाले आणि २ कोटी २४ लाखांहून थोडे जास्त उरले. २०१५ मध्ये अपिलात हा निकाल मुख्यतः कायम राहिला. डेव्हिड बेंगिस यांची जबाबदारी तेवढी फेरविचारासाठी परत पाठवली गेली.

बाजारभावाने केलेल्या हिशेबातली एक गोष्ट मला खटकते. बाजारभाव शेवंडीचं मांस मोजतो. अंडीवाली मादी पकडली गेली तर तिच्या पोटाखालच्या हजारो अंड्यांचा त्यात एक पैसाही धरला जात नाही. दहा वर्षं वाढलेला प्राणी गेला की त्याच्या जागी दुसरा यायला पुन्हा दहा वर्षं लागतात, तो काळही धरला जात नाही. उलट साठा खालावला की भाव चढतो, म्हणजे चोराचा मालही महाग होतो. साठा पूर्ववत करण्याच्या खर्चाचा आकडा कमी आला होता, म्हणून दुसरी पद्धत दक्षिण आफ्रिकेच्या फायद्याची ठरली हे खरं. तरीही तत्त्व म्हणून समुद्र दुरुस्त करायला काय लागेल हाच प्रश्न न्यायालयांनी आधी विचारावा असं मला ठामपणे वाटतं. आणि त्या खर्चाचे अंदाज बांधताना या शेवंडीवर पोट असलेल्या किनाऱ्यावरच्या माणसांची उपासमारही मोजली पाहिजे.

पैसा लगेच हाती आला असंही नाही. आर्नोल्ड बेंगिस यांनी भरपाई चुकवण्यासाठी मालमत्ता लपवल्याचं समोर आलं. २०१७ मध्ये वयाची ऐंशी ओलांडलेल्या या माणसाला त्याच कॅप्लन यांनी ५७ महिन्यांची शिक्षा सुनावली. मूळ गुन्ह्यासाठी मिळाली होती त्यापेक्षा ही अकरा महिने जास्त.

डोंगरउतारावरचे लोक

हाऊट बे बंदराच्या वर, डोंगराच्या उतारावर हँगबर्ग नावाची वस्ती आहे. वर्णभेदाच्या कायद्याने गावातल्या ज्या मिश्रवर्णी कुटुंबांना चांगल्या जागांवरून हलवलं, ती या उतारावर आली. पिढ्यानपिढ्या मासळीवर जगणारे हे लोक. कंपन्यांच्या बोटींवर आणि कारखान्यांत काम केलेले, जमेल तेव्हा छोट्या होडीतून स्वतः शेवंड पकडणारे. खिडकीतून बंदर दिसतं, पण कोटा त्यांच्या नावावर नव्हता. १९९८ च्या कायद्याने मच्छीमारांचे प्रकार केले: व्यावसायिक, हौशी आणि पोटापुरतं पकडणारे. जो विकण्यासाठी पकडतो पण कंपनी नाही, अशा पारंपरिक मच्छीमाराला त्यात जागाच उरली नाही. ते समता न्यायालयात गेले, २००७ मध्ये तात्पुरता दिलासा मिळाला, २०१२ मध्ये लहान मच्छीमारांचं धोरण आलं.

आता हे हाऊट बेच्या खटल्याशेजारी ठेवा. १९८७ ते २००१ या काळात एक कंपनी कोट्याबाहेर अमाप शेवंड काढत होती आणि त्याच काळात तिच्याच धक्क्याच्या वर राहणाऱ्या माणसांना चार पिंजऱ्यांचाही हक्क नव्हता. परवाना नसताना शेवंड काढताना त्यांच्यातला कुणी सापडला की तो चोरटा मच्छीमार ठरायचा. न्यूयॉर्कच्या निकालात बळी म्हणून नाव लागलं ते दक्षिण आफ्रिकेच्या सरकारचं. या कुटुंबांचं त्यात नाव नाही, असूही शकत नव्हतं, कारण जप्तीचा हक्क सरकारचा. ज्या तर्काने खटला जिंकला, त्याच तर्काने मच्छीमार बाहेर राहिला. अपील न्यायालयाच्या निकालाचं मी मनापासून कौतुक करतो, पण त्याची ही मर्यादा लपवून ते कौतुक करता येत नाही.

तिथे हाताला काम नसलेली पोरं आजही बेकायदा शेवंडीकडे आणि त्याहून महाग अशा अबालोन या शिंपलेवर्गीय प्राण्याकडे वळतात. त्यांना पकडणं सोपं असतं. पोहून बाहेर आलेल्या पोराच्या पिशवीत माल दिसतो. कंटेनरमधला माल दिसत नाही.

त्यानंतर

पश्चिम किनाऱ्याच्या शेवंडीचा साठा आज मासेमारी सुरू होण्याआधीच्या तुलनेत जेमतेम काही टक्के उरला आहे. हे एकट्या बेंगिस मंडळींचं काम नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून बेसुमार कायदेशीर पकड झाली, पुढे चोरटी पकड वाढली आणि सरकारने शास्त्रज्ञांचं ऐकायचं टाळलं. २०१७-१८ च्या हंगामासाठी शास्त्रज्ञांनी ७९० टनांचा सल्ला दिला होता आणि खात्याने १,९२४ टन ठरवले. डब्ल्यूडब्ल्यूएफ या निसर्गसंरक्षण संस्थेच्या दक्षिण आफ्रिका शाखेने याला आव्हान दिलं आणि सप्टेंबर २०१८ मध्ये केप टाऊनच्या उच्च न्यायालयात न्यायाधीश ओवेन रॉजर्स यांनी तो निर्णय बेकायदा ठरवला. म्हणजे चौदा वर्षं चोरून झालेल्या जादा पकडीनंतर सरकारनेच अधिकृतपणे दुप्पटीहून जास्त पकड मंजूर केली होती.

अमेरिकेने २०१८ मध्ये आयात मासळीचा माग ठेवण्याची योजना सुरू केली. बोट, तारीख, क्षेत्र हे सगळं आयातदाराने नोंदवायचं. पण ती काही निवडक प्रकारांपुरती होती: कोळंबी, टूना, शार्क, अबालोन, लाल किंग खेकडा असे. ज्या शेवंडीवरून लेसी कायद्याचा हा गाजलेला खटला झाला, ती त्या यादीत नव्हती.

आपल्या किनाऱ्याकडे वळायचं ते एवढ्याचसाठी की कागद आणि माल यांच्यातली ही फट इथेही आहे. भारताने २००३ मध्ये शेवंडीच्या निर्यातीवर किमान वजनाची अट घातली. मुंबई-कोकणात मुख्यतः मिळणाऱ्या जातीसाठी ती ३०० ग्रॅम आहे, त्याहून लहान अख्खी शेवंड निर्यात करता येत नाही. अट चांगली आहे, पण ती निर्यातीला आहे. लहान शेवंड जाळ्यातून काढून आपल्याच हॉटेलांना विकली तर ही अट तिला शिवत नाही. युरोपात माल पाठवायचा तर २०१० पासून पकडीचं प्रमाणपत्र लागतं आणि आपल्याकडे ते सागरी उत्पादन निर्यात विकास प्राधिकरणामार्फत मिळतं. हे प्रमाणपत्र बोटीच्या नोंदीवर आधारलेलं असतं. म्हणजे पुन्हा धक्क्यावरची एक नोंद आणि ती लिहिणारा एक माणूस.

महाराष्ट्राने १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती केली, दंड वाढवले आणि सुनावणीचे अधिकार तहसीलदारांकडून मत्स्यव्यवसाय खात्याकडे दिले. पारंपरिक मच्छीमारांच्या संघटना हे वर्षानुवर्षं मागत होत्या. तरी या कायद्याचा रोख मुख्यतः नौकेवर आहे. बेकायदा पर्ससीनने, म्हणजे मासळीच्या थव्याला वेढणाऱ्या मोठ्या जाळ्याने, किंवा एलईडीच्या प्रकाशात पकडलेला माल ज्या व्यापाऱ्याने उचलला, ज्या कारखान्याने गोठवला, ज्या निर्यातदाराने पाठवला, त्यांच्या खरेदीच्या वह्या आणि बंदरावरच्या नोंदी शेजारी ठेवून कोण पाहतं? हाऊट बेमध्ये तो कंटेनर उघडला जाईपर्यंत चौदा वर्षं गेली. साखरी नाटे, मिरकरवाडा, ससून डॉक इथे बर्फाच्या खोक्यांच्या रांगा रोज भरतात, रोज रवाना होतात. त्यांतल्या एखाद्या खोक्यातली शेवंड कुठल्या नौकेची, हे संध्याकाळपर्यंत सांगता येईल अशी पडताळणी करण्याचं काम मत्स्यव्यवसाय विभागाच्या परवाना अधिकाऱ्यांनी आणि निर्यात प्राधिकरणाने मिळून हाती घ्यायला हवं. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. दोन खात्यांच्या वह्या एका टेबलावर आणाव्या लागतात.